लिफाफ्यातला नववा प्रश्न : नवी मुंबईतील एका पथदर्शी अभ्यासाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात घडले. तिथल्या संशोधन कक्षाचे कामकाज त्या काळात माझ्याकडे होते. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. त्यातला एक चुकीचा निर्णय माझा होता.

संशोधिका चिकित्सा मानसशास्त्रात एम.फिल. आणि मग पीएच.डी. करून नुकत्याच व्याख्याता म्हणून रुजू झाल्या होत्या. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे मिळतात त्या केंद्रात, औषधे न्यायला येणाऱ्यांमधील नैराश्य तिथेच ओळखावे आणि त्यावरचा छोटा समुपदेशनाचा उपचारही तिथेच द्यावा, असा त्यांचा विचार होता. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी २००४ च्या एप्रिलपासून मिळू लागली आणि २०१७ पासून सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कितीही असले तरी निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आले. त्यामुळे एचआयव्ही हा आयुष्यभर रोज एक गोळी घेण्याचा आजार झाला. ती गोळी रोज घ्यायची तर मन थाऱ्यावर असावे लागते, ही गोष्ट केंद्रातील समुपदेशकांना कोणत्याही शोधनिबंधाच्या आधीपासून ठाऊक होती.

उपचाराचा नमुना त्यांनी गोव्याहून घेतला होता. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने तिथे ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ नावाची पद्धत तपासली होती. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णाला पुन्हा कामाला, माणसांत आणि आवडीच्या गोष्टींकडे वळवायचे, अशी ती पद्धत. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. एचआयव्हीच्या रुग्णांसाठी ती आपल्या भागात बसते का, हे पाहायचे होते.

पैशाचा मार्ग परदेशातून आला. अमेरिकेत ‘सेंटर्स फॉर एड्स रिसर्च’ ही केंद्रांची व्यवस्था १९८८ पासून आहे आणि अशा केंद्रांकडून नवख्या संशोधकांना लहान रकमेचा पथदर्शी निधी मिळतो. पुढच्या मोठ्या अर्जासाठी पाया घालता यावा, हा त्यामागचा हेतू असतो. एका परदेशी विद्यापीठाने अशाच धर्तीवर अर्ज मागवले होते. मुदत १२ महिने होती आणि दोन मार्गदर्शक बंधनकारक होते, एक तिकडचा आणि एक इथला. इथले मार्गदर्शक म्हणजे आमच्या मनोविकृती विभागातील ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत. तिकडचे मार्गदर्शक एचआयव्हीच्या साथरोगशास्त्रात मुरलेले होते. तिसरे नाव अर्जात नव्हते. ते एआरटी केंद्रातील समुपदेशक ताईंचे. त्या कंत्राटी पदावर होत्या आणि रुग्णांना त्यांच्याइतके ओळखणारे इमारतीत दुसरे कोणी नव्हते.

अडचण

अर्जाचा पहिला मसुदा १२० रुग्णांचा, दोन गटांचा, नैराश्याचे गुण आणि व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) या दोन्हींवरचा परिणाम मोजणारा होता. नव्या संशोधकाला अशी भूक असतेच, आणि सरांनाही आकडा मोठा असल्याचे समाधान होते. मसुदा जमिनीवर टेकला तेव्हा तीन ठिकाणी अडला.

पहिला प्रश्न रुग्ण कधी येतो हा. केंद्रात स्थिर असलेल्या रुग्णाला महिन्याने, काहींना त्याहूनही जास्त अंतराने बोलावतात, आणि गोव्याची पद्धत आठवड्याला एका भेटीची होती. आमच्या रुग्णांत तुर्भ्याच्या बाजार समितीतले माथाडी आणि टेम्पोचालक होते, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत पाळीने काम करणारे होते, आणि ठाणे, कळवा, मुंब्रा इथून ट्रान्स-हार्बरने मुद्दाम इतक्या लांब येणारेही बरेच होते. घराजवळच्या केंद्रात ओळखीचे कोणी भेटेल ही त्यांची भीती. ज्याचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी, त्याला आठ आठवडे आठ खाडे करा असे सांगणे म्हणजे अभ्यासाबाहेर जा असे सांगण्यासारखेच होते.

दुसरा प्रश्न व्हायरल लोडचा होता. कार्यक्रमातली नियमित तपासणी उपचाराच्या सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर वर्षातून एकदा होते. १२ महिन्यांच्या अभ्यासात प्रत्येकाची तपासणी आपल्याला हवी त्या वेळी पडणार नव्हती आणि बाहेरून तपासणी करून घेतली असती तर निधीचा मोठा भाग त्यातच गेला असता.

तिसरा प्रश्न कागदांचा. परदेशी निधीवरच्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते आणि हे काम आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत चालते. आपली नैतिकता समिती आणि राज्य एड्स नियंत्रण संस्था यांच्या परवानग्या वेगळ्या. शिवाय परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या एफसीआरए कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. वस्तीत काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेतील, स्वतः एचआयव्हीसह जगणारे कार्यकर्ते आम्हाला सोबत हवे होते. त्या संस्थेला निधीचा वाटा देण्याची कल्पना तिथेच संपली.

विचारात घेतलेले पर्याय

देशातल्या देशात पैसा शोधावा हा पर्याय आधी आला. २००८ मध्ये सुरू झालेल्या इंडिया अलायन्स या जैववैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेच्या अधिछात्रवृत्त्या चांगल्या, पण त्या अनेक वर्षांच्या आणि स्पर्धेच्या. एका छोट्या प्रश्नाची चाचपणी करायला तिकडे जाणे म्हणजे बोळात फिरायला मोठा रथ काढण्यासारखे. महाविद्यालयाचा स्वतःचा निधी इतका थोडा होता की त्यात प्रश्नावल्यांची छपाई आणि प्रवासखर्च निघाला असता, माणूस ठेवता आला नसता.

दुसरा पर्याय परदेशी निधीच घ्यायचा, पण प्रश्न लहान करायचा. तिकडच्या मार्गदर्शकांनी या टप्प्यावर जे केले ते या प्रकरणातले सगळ्यात उपयोगी मार्गदर्शन होते, असे माझे मत आहे. त्यांनी मसुद्यात दुरुस्त्या सुचवल्या नाहीत. एका हिशेबावर बोट ठेवले. ४० रुग्ण घेतले आणि त्यांतले ३० शेवटपर्यंत टिकले तर टिकण्याचे प्रमाण ७५ टक्के येते, पण खरे प्रमाण साधारण ६० ते ८६ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. टिकण्यासारख्या सरळ गोष्टीचा अंदाज इतका रुंद असेल, तर उपचाराने नैराश्य किती गुणांनी उतरले याचा या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष किती विश्वासाचा? लहान अभ्यासातून परिणामाचा अंदाज काढून त्यावर मोठ्या अभ्यासाचा आकडा ठरवणे ही नव्या संशोधकांची नेहमीची चूक आहे. मग अभ्यास कशासाठी? रुग्ण हो म्हणतात का, येतात का, ताईंच्या दिवसभराच्या कामात हे बसते का, आणि प्रश्न विचारल्यावर जे उत्तर येईल ते पेलण्याची आपली तयारी आहे का, यासाठी. हा शेवटचा मुद्दा त्यांनी पत्रात एका ओळीत लिहिला होता. आम्ही तो वाचला आणि पुढे गेलो.

सरांना ४० हा आकडा पटायला दोन बैठका लागल्या. ‘एवढ्याशा अभ्यासावर कोण विश्वास ठेवणार?’ हा त्यांचा आक्षेप गैर नव्हता, कारण पदोन्नतीच्या अर्जात पथदर्शी अभ्यासाला फारशी किंमत मिळत नाही हे त्यांनी स्वतः सोसलेले होते. अखेर संशोधिकांनी ४० वर अर्ज पाठवला. व्हायरल लोड फक्त नोंदींतून पाहायचा, पहिली भेट औषधाच्या दिवशी समोरासमोर आणि पुढच्या भेटी फोनवर, असे ठरले. वस्तीतल्या दोन कार्यकर्त्यांना महाविद्यालयाने थेट मानधनावर घेतले. अर्ज मंजूर झाला.

केलेली कार्यवाही

निधीची मुदत पत्र निघाले त्या दिवसापासून मोजली जाणार होती, आणि छाननी समितीची मान्यता मिळेपर्यंत त्या पैशाने एकही रुग्ण घेता येणार नव्हता. हे आम्हाला आधीच माहीत होते, तरी मुदत मान्यतेपासून मोजा अशी विनंती आम्ही अर्जाच्या वेळी केली नाही. मंजुरीनंतर केली, तेव्हा उत्तर आले की शेवटी मुदतवाढ मागा. वाट पाहण्याचे महिने अगदीच वाया गेले नाहीत. त्या काळात संशोधिका आठवड्यातून दोन दुपारी ताईंच्या शेजारी, अभ्यासासाठी काहीही न नोंदवता, प्रश्नावलीची भाषा ऐकत बसल्या.

नैराश्य मोजणारी प्रश्नावली पीएचक्यू-९ होती. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांविषयी, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७ गुण; १० किंवा त्याहून जास्त आले तर पुढे तपासायचे. मराठी आवृत्ती होती, पण छापील मराठी आणि तुर्भ्याच्या गाळ्यावरची मराठी यांत अंतर पडते. कामात रस न वाटणे असा प्रश्न आला की माणसे ‘काम तर करावंच लागतं’ असे म्हणून शून्यावर खूण करत. ताई तोच प्रश्न ‘कशात मन लागतं का?’ असा विचारत आणि उत्तर बदलत असे. झोप, थकवा, भूक यांचे प्रश्न आणखी अवघड, कारण ती लक्षणे एचआयव्हीची, औषधाची किंवा रात्रपाळीचीही असू शकतात. पूर्वीच्या गोळीतल्या एफाविरेन्झने झोपेत विचित्र स्वप्ने पडत असल्याचे जुने रुग्ण अजून सांगतात. या टिपणांमुळे अभ्यास सुधारला. अंदाजपत्रकात मात्र ताईंच्या वेळेसाठी एक रुपया नव्हता, आणि मार्गदर्शकांच्या यादीत त्यांचे नाव नव्हते.

लिफाफ्याचा नियम मी सुचवला. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि एचआयव्हीविषयक माहिती बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेवर ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तो टाकतो. म्हणून भरलेली प्रश्नावली जागीच लिफाफ्यात बंद करायची, वर फक्त सांकेतिक क्रमांक लिहायचा, लिफाफे दुसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद कपाटात ठेवायचे आणि आठवड्यातून एकदा नोंद करणाऱ्याने उघडायचे, असे आराखड्यात लिहिले गेले. नववा प्रश्न मरून गेलेले बरे असे वाटण्याविषयी किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी असतो. त्यासाठी वेगळे कलम होते : या प्रश्नाला शून्याहून जास्त गुण आढळल्यास २४ तासांच्या आत संशोधिकांना कळवावे. ‘आढळल्यास’ या शब्दावर कोणी थांबले नाही, आणि मसुदा तपासणाऱ्यांत मीही होतो.

शुक्रवार ते सोमवार

अभ्यास सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. एका सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास नोंद करणाऱ्या मुलीने लिफाफा उघडला आणि ती तशीच माझ्या टेबलापाशी आली. नवव्या प्रश्नापुढे तीन होते. म्हणजे जवळजवळ रोज. प्रश्नावलीवरची वेळ शुक्रवारी दुपारी चारची होती. साडेसहासष्ट तास तो कागद कपाटात पडून होता, आणि आमच्या आराखड्याप्रमाणे आमचे २४ तास त्या क्षणी सुरू होत होते.

क्रमांकावरून नाव शोधायची यादी दुसऱ्या कपाटात. त्याची चावी संशोधिकांकडे, आणि त्या परीक्षेच्या पर्यवेक्षणावर. त्यांना वर्गातून बोलावून घेतले. संमतीपत्रावर फोन नंबर होता. मी फोन उचलला, तोच ताई म्हणाल्या, ‘थांबा, त्या नंबरवर नको. तो बायकोचा आहे. घरी माहीत नाही.’ त्यांच्या जुन्या, रबर लावलेल्या डायरीत दुसरा नंबर होता आणि त्यापुढे पेन्सिलीने लिहिलेले : ‘दुपारी १२ नंतर, गाळ्यावर.’ बारा वाजून पाच मिनिटांनी ताईंनीच फोन लावला. ‘दादा, मी दवाखान्यातली ताई. आज येऊन जाल का? मीच आहे, दुसरं कोणी नाही.’ एवढेच त्या बोलल्या. ते टेम्पो लावून दोनच्या आत आले. सरांनी हातातले काम टाकून त्यांना एक तास दिला, उपचार सुरू केला. तसे विचार मनात होते, कृती झालेली नव्हती. निघताना ते ताईंना म्हणाले, ‘कागदावर लिहिलं म्हणजे कुणी विचारील असं वाटलं होतं.’

त्या दुपारचा निर्णय या प्रकरणाचा कणा आहे. सरांचे मत होते की रुग्ण सुखरूप आहे, उपचार सुरू झाला आहे, आराखड्याचा अक्षरशः भंग झालेला नाही, तर हे आपल्यातच मिटवावे आणि कार्यपद्धती गुपचूप सुधारावी. समितीकडे गेल्यास नव्या मुलीच्या पहिल्याच अभ्यासाला डाग लागेल. त्यांच्या बोलण्यात काळजी होती, आणि संशोधिकांच्या वार्षिक मूल्यांकनावर सही सरांचीच होती, हेही खरे. तिकडचे मार्गदर्शक झोपेत होते. संशोधिकांनी कोणाच्याही उत्तराची वाट पाहिली नाही. चार वाजता त्यांनी नवे रुग्ण घेणे थांबवले आणि साडेपाचला नैतिकता समितीच्या सचिवांना दोन पानांचे पत्र दिले. त्यात लिफाफ्याचा नियम कोणाचा, हे त्यांनी लिहिले नव्हते. ते मी खाली वेगळ्या टिपणात लिहून जोडले. दुसऱ्या दिवशी तिकडून उत्तर आले : आमच्याही समितीला कळवा, आणि थांबलात ते योग्य केलेत.

पुढच्या आठवड्यात सरांनी पीएचक्यू-८ वापरावी असे सुचवले. ती नववा प्रश्न गाळलेली आवृत्ती असते आणि उत्तरावर लगेच काही करणे शक्य नसेल अशा सर्वेक्षणांत ती मान्यताप्राप्त आहे. समितीतल्या दोघांना ते पटलेही. संशोधिकांचे म्हणणे असे की दूरवरच्या सर्वेक्षणाला जी सवलत मिळते ती आपल्याला घेता येणार नाही. मनोविकृती विभाग याच इमारतीत आहे, आपण करू शकतो, फक्त करत नव्हतो. या युक्तिवादावर सर गप्प झाले आणि मग त्यांनीच विभागातल्या निवासी डॉक्टरांची पाळी लावून दिली. त्यांच्याविषयी लिहिताना हेही लिहिणे भाग आहे.

अभ्यास पाच आठवडे थांबला. नव्या पद्धतीत प्रश्नावली बंद करण्यापूर्वी कार्यकर्ता नववा प्रश्न तिथेच पाहतो आणि शून्य नसेल तर रुग्ण केंद्र सोडण्याआधी त्याला डॉक्टर भेटतो. शुक्रवारी दुपारी दोननंतर नवा रुग्ण घेत नाहीत. संमतीच्या वेळी ‘तुम्हाला कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी, काय नाव सांगून फोन करावा?’ हे वेगळ्या कागदावर विचारले जाते. तो कागद ताईंच्या डायरीवरून बेतलेला आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापलेले कार्ड प्रत्येकाला दिले जाते, आणि खिशात सापडले तरी काही उघड होऊ नये म्हणून त्यावर केंद्राचे नाव नाही.

निष्पत्ती

मुदत तीन महिन्यांनी वाढली. ४० ऐवजी ३४ रुग्ण झाले. अहवालात उपचार परिणामकारक ठरला असे कुठेही लिहिलेले नाही. फोनवरच्या भेटी कशा झाल्या, कोणत्या अडल्या आणि का, हे मात्र तपशिलाने आहे. अडण्याचे मुख्य कारण आम्ही गृहीत धरले होते ते, म्हणजे वेळ, नव्हते. एका खोलीच्या घरात बोलायला आडोसा नसणे हे होते. काहींनी लोकलच्या फलाटावर उभे राहून समुपदेशन घेतले, आणि गाडीच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत म्हणून कार्यकर्त्याला तीनतीनदा विचारावे लागे. मोठ्या अभ्यासाचा आराखडा त्यामुळे बदलला : आता औषधाच्या दिवशी लांब भेट आणि मध्ये फोनवर फक्त पाच मिनिटांची विचारपूस.

मोठ्या निधीसाठीचा पहिला अर्ज परत आला. परिणामाचा प्राथमिक पुरावा पुरेसा नाही असा शेरा त्यावर होता, म्हणजे जे आम्ही जाणीवपूर्वक टाळले त्याचीच मागणी. सरांनी मला ‘बोललो होतो ना?’ असे ऐकवले, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणू शकलो नाही. दुसरा अर्ज सध्या छाननीत आहे.

काय वेगळे करता आले असते

मुदतीची अट अर्जासोबतच बोलून घ्यायला हवी होती. मंजुरीनंतर देणाऱ्याचे हात बांधलेले असतात. मार्गदर्शक दोन असतील तर त्यांच्यात मतभेद झाल्यास सुरक्षिततेच्या बाबतीत कोणाचा शब्द अंतिम, हे लेखी ठरवायला हवे होते. ते ठरलेले नसल्याने सगळा भार पदाने सर्वांत लहान असलेल्या व्यक्तीवर पडला, आणि तिने तो पेलला हा योगायोग धरला पाहिजे.

माझ्यापुरते सांगायचे तर आराखडा मंजूर होण्याआधी एका शुक्रवारची रंगीत तालीम घ्यायला हवी होती : एका खोट्या प्रश्नावलीवर नवव्या प्रश्नापुढे तीन लिहायचे, लिफाफा बंद करायचा आणि तो कोणाच्या हाती कधी पडतो ते घड्याळ लावून पाहायचे. अर्ध्या दिवसाचे काम होते. गोपनीयता आणि सुरक्षितता या दोन कलमांचे मसुदे मी वेगवेगळ्या दिवशी तपासले आणि एकत्र कधी वाचलेच नाहीत.

आणि ताई. दुसऱ्या अर्जात त्यांच्यासाठी सहसंशोधक म्हणून जागा आणि आठवड्याला सहा तासांचे मानधन मागितले आहे. पद कंत्राटी असल्याने असे मानधन घेता येते का, याची विचारणा संबंधित कार्यालयाकडे केली आहे; उत्तर येईपर्यंत अंदाजपत्रकातल्या त्या ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.